कचरा मिळेल का हो, कचरा?

ऐकलंत का? आमच्या सुदामानगरात परवा एका घरी असं कडाक्याचं वाजलं की जिन्यात कान लावून उभं राहायची गरजच पडली नाही, खालच्या पानवाल्यापर्यंत सगळं पोचलं. कारण काय असावं? मार्क? मोबाइल? मुलगी? छे हो! मुलाचे समाजसेवेचे तास कमी भरले! "समोरच्याचे एकशेऐंशी झाले आणि तुझे बासष्ट! मावशीला काय तोंड दाखवू मी?" असा मातोश्रींचा टाहो, आणि पोरगा मान खाली घालून उभा. आमच्या लहानपणी पोरगं लोकांच्या उठाठेवी फार करायला लागलं की आईबाप मारुतीला नारळ बोलायचे, याचं डोकं ठिकाणावर येऊ दे म्हणून. हल्ली नारळ बोलतात तो याचे तास भरू देत म्हणून. पूर्वी सुनेला विचारायचे, "कितवा लागला?" आता नातवाला विचारतात, "किती भरले?"

आणि हे काही एका घरचं नाही. रामबाग घ्या, लोकमान्यनगर घ्या, तिकडे विजयनगरच्या उंच इमारती घ्या. इंदूरच्या चार मराठी बायका एकत्र आल्या की पूर्वी विषय ठरलेले असायचे. सानंदच्या नाटकाला पुढची रांग कुणी पटकावली, छप्पन दुकानात भाव किती वाढले, कुणाची सून पोहेसुद्धा बाहेरून मागवते. आता हळदीकुंकवाचं वाण हातात पडायच्या आत सुरू होतं.

"आमची ना, एनजीओ काढतेय."

"अगंबाई! यंदा दहावी ना तिची?"

"हो ना, जरा उशीरच झाला. नववीत काढायला हवी होती."

एनजीओ कशी काढतात तेही मला आता पाठ झालंय. नावात आधी 'प्रोजेक्ट' हवा, त्यामागे एखादा आशेने भरलेला संस्कृत शब्द. मुलगी फाउंडर, सख्खी मैत्रीण को-फाउंडर, उज्जैनचा चुलतभाऊ 'रीजनल हेड'. खजिनदार अर्थातच बाबा, पण त्यांचं नाव कुठे लावत नाहीत. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या दौलतीतून. परंपरा टिकवली म्हणायची इंदूरने! खासगी तेवढी आता बाबांची.

हे आलं कुठून? बहुतेक गोष्टींसारखं हेही नणंदेकडून आलं. तिची मुलगी न्यू जर्सीत शिकते. एके दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. भाची हातात मेणबत्ती घेऊन उभी, गळ्यात सोनेरी पट्टा, मागे टेबलावर आणखी चार मेणबत्त्या. सासूबाईंनी चष्मा वरखाली केला आणि काळजीने विचारलं, "वीज गेलीय का गं अमेरिकेत?" म्हटलं, नाही आई, तिला नॅशनल ऑनर सोसायटीत घेतलंय. शाळेतल्या निवडक मुलांची संस्था आहे, १९२१ पासून चालू आहे. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य असे तिचे चार खांब. नुसते मार्क पुरत नाहीत, लोकांसाठी काय केलं तेही दाखवावं लागतं, मग मेणबत्ती लावून शपथ देतात. "म्हणजे मुंजच की!" सासूबाई म्हणाल्या. "मग भिक्षावळ कधी?" आता काय सांगू, भिक्षावळही असते. भाची दारोदार फिरून खाण्याचे हवाबंद डबे गोळा करते, गरिबांच्या कोठारासाठी. सासूबाईंना सगळं लगेच समजलं, मलाच समजायला वेळ लागला.

चारित्र्य मोजायची ही सोय मला मात्र फार आवडली. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' एवढ्यात आटपायचं, मग तो पोरगा हेडमास्तरांच्या स्कूटरची हवा काढणारा का असेना.

अमेरिकेला हा नाद जुनाच. ५ डिसेंबर १७७६. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून पाच महिने झालेले, इंग्रजांशी लढाई ऐन भरात, आणि व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजची पोरं काय करत होती? फाय बीटा कप्पा नावाचं गुप्त मंडळ काढून हात मिळवायची खूण ठरवत होती! पुढे गुपित गेलं, प्रतिष्ठा उरली, आणि मग अशा सोसायट्यांचं असं पीक आलं की १९२५ साली खऱ्या कुठल्या नि नुसत्या वर्गणीच्या कुठल्या हे बघायला त्यांची वेगळी संघटना काढावी लागली. तरी 'अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा' अशी पत्रं कॉलेजच्या मुलांना अजून येतातच. नणंदेच्या थोरल्याला एक आलं होतं. तिने आधी पेढे वाटले, मग डॉलर भरले, मग कळलं की निम्म्या वर्गाची निवड झाली होती.

आपल्या शाळांत ऑनर सोसायटी नाही, म्हणून आपण पदं काढली. जुलैत पदग्रहण समारंभ असतो. हेड बॉय, हेड गर्ल, चार हाउसचे कॅप्टन, चार उपकॅप्टन, शिस्तप्रमुख, स्वच्छतादूत, पाणीबचतवाला, आणि हल्ली एक डिजिटलवाला, तो काय करतो ते कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना पट्टे, सगळ्यांना बिल्ले. माझ्या इथल्या भाच्याच्या वर्गात म्हणे बिनपदाची दोनच मुलं उरलीत. सगळा वर्ग त्यांच्याकडे आदराने बघतो.

थट्टा बाजूला ठेवते जरा. आमच्या डेली कॉलेजसारखी जुनी शाळा राउंड स्क्वेअर या शाळांच्या आंतरराष्ट्रीय संघात आहे, तिथे सेवा हा सहा आदर्शांपैकी एक. ड्यूक ऑफ एडिनबरोंनी १९५६ साली सुरू केलेला पुरस्कार आपल्याकडेही बऱ्याच शाळांतून चालतो. त्याच्या सुवर्ण श्रेणीला बारा महिने सेवा लागते, सरासरी आठवड्याला तासभर. बारा महिने! याला मी नाव ठेवणार नाही. बारा महिने मी जिमलासुद्धा गेलेली नाही, पैसे भरून.

घात केला तो अर्जाने. परदेशी कॉलेजांसाठी कॉमन ॲप नावाचा एक अर्ज असतो. त्यात आपले उद्योग लिहायला दहा रकाने. प्रत्येक उद्योगाच्या वर्णनाला १५० अक्षरं, त्यातही मधल्या मोकळ्या जागा धरतात. आणि पुढे दोन चौकोन : आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. चौकोन रिकामा दिसला की आपल्याकडच्या आईला चैन पडत नाही. रकाना भरायचा म्हणजे भरायचा! आमचे सासरे बँकेतून निवृत्त, त्यांच्यासमोर शेजारच्या मुलाने हौसेने अर्ज उघडला. सासऱ्यांनी पेन्सिल घेतली. "शाळा ३६ तास. कोचिंग २०. झोप रोज सात, म्हणजे ४९. आणि तुझे हे दहा रकाने मिळून ७०. बेरीज १७५. आठवड्यात तास असतात १६८. बाळ, हे वरचे सात कुठून आणलेस? आणि जेवतोस कधी?" पोरगा म्हणाला, "काउन्सेलर सरांनी भरलंय." सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ताळेबंद न जुळलेला अर्ज परदेशात जातो, याचं त्यांना दुःख.

पण अमेरिकेला शिव्या घालून मोकळं होऊ नका. तासांचं घड्याळ आपल्या भिंतीवरही जुनंच आहे. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपलं एनएसएस, सुरू झालं २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या शताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत आणि चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी. ब्रीद काय? मी नव्हे, तुम्ही. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. आणि नियम? दोन वर्षांत २४० तास! गांधीबाबांच्या नावाने काढलेल्या योजनेत हजेरीचं पुस्तक घातलं ते आपणच. सात दिवसांचं शिबिर, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक (म्हणजे बसल्या बसल्या डुलकी), रात्री गाणी आणि दोन-चार लग्नं जुळण्याची सुरुवात. शोषखड्डे खणायचे. पुढच्या वर्षी नवी बॅच त्याच गावात, कधीकधी गेल्या वर्षीच्याच खड्ड्यापाशी. मुंबईकडे त्याचे दहा ग्रेस मार्क, आमच्याकडे मध्य प्रदेशात प्रवेशाच्या वेळी अधिभार, म्हणजे वेटेज. काय वजनदार शब्द आहे! पुण्य केलं की अधिभार वाढतो. २०२१ पासून इथल्या कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप नाहीतर 'सामुदायिक जुडाव' यातलं काहीतरी करायचं आणि क्रेडिट घ्यायचं. भंवरकुआंला झेरॉक्सच्या दुकानात समाजाशी जुडाव झाल्याचा रिपोर्ट तयार मिळतो, स्पायरल बाइंडिंगसकट, असं म्हणतात बाई. खरं-खोटं देव जाणे.

मुद्दा असा की आमची पिढी धुतल्या तांदळासारखी नव्हती. फक्त आमच्या वेळी फोटो काढायला कॅमेरा नव्हता.

बरं, आता खरी खमंग बातमी ऐका. इंदूरच्या पोरांवर सध्या असा बाका प्रसंग आलाय की भारतात दुसऱ्या कुठल्या शहरावर आला नसेल. समाजसेवा म्हटलं की पहिलं काय सुचतं? स्वच्छता मोहीम. आणि इंदुरात कचराच नाही! २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आम्ही २५ वे होतो, २०१७ ला पहिले आलो आणि तिथून हललोच नाही. शेवटी २०२४ च्या सर्वेक्षणात सरकारने 'सुपर स्वच्छ लीग' असा वेगळा वर्गच काढला आणि आम्हाला त्यात नेऊन बसवलं. रस्त्यावरच्या कुंड्या कधीच गेल्या. दारावर गाणं वाजवत गाडी येते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक असे सहा प्रकार वेगळे करून द्यायचे, नाहीतर गाडीवाले भिया सगळ्या गल्लीदेखत आपल्याला शिकवतात. रस्ते रात्रीच झाडून होतात. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन लोक घरी निघतात, तोवर सफाई मित्र कामाला लागलेले असतात.

मग सकाळी नऊला तीस मुलं, तीस टोप्या, तीस जोड हातमोजे, एक बॅनर आणि एक फोटोग्राफर असा फौजफाटा उतरतो. बघतात तर रस्ता लख्ख! एक कागद नाही, एक द्रोण नाही. बॅनरवर 'स्वच्छता अभियान' आणि खाली आरसा. फोटोग्राफर तासाच्या हिशेबाने आलेला. करायचं काय? एक बाई, नाव विचारू नका, त्यांनी स्वतःच्या सोसायटीतून सुक्या पानांची दोन पोती गाडीच्या डिकीत घालून आणली. पानं पसरली. मुलांनी भक्तिभावाने गोळा केली. फोटो झाले. तेवढ्यात पालिकेचा माणूस आला, त्याने विचारलं कचरा कुणी टाकला, आणि दंडाची पावती फाडली. आता यावर बाई काय म्हणाल्या असतील? "पावतीवर मुलांची नावं घालता का?" दुसरीने तर आणखी कमाल केली, महूला चुलत जावेला फोन लावला. "तुमच्याकडे थोडा कचरा असेल ना गं?" जाऊबाई अजून बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, असते, तेव्हा राजवाड्यावर रंगाचा चिखल होतो, तो काढा. एक तर पालिका तो काही तासांत उचलते. आणि दुसरं, त्या दिवशी पोर जन्मदात्या आईलाही ओळखू येत नाही, तर अमेरिकेतल्या माणसाला काय ओळखू येणार? फोटो वायाच.

फोटोशिवायची समाजसेवाही याच शहराने पाहिली आहे. विनोबा १९६० साली इंदुरात महिनाभर राहिले होते. हे सर्वोदयनगर व्हावं म्हणाले, भिंतींवरच्या अश्लील पोस्टरांविरुद्ध लोकांना उभं केलं, विसर्जन आश्रम इथे त्यातूनच निघाला. तेव्हा त्यांच्या मागे जी पोरं फिरली असतील ती आज ऐंशीच्या पुढे असणार. त्यातल्या कुणाच्या भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मी तरी पाहिलेलं नाही.

कचऱ्याचं झालं तसंच झाडांचंही. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर चोवीस तासांत बारा लाखांवर रोपं लावून इंदूरने गिनीजमध्ये नाव घातलं. त्या दिवशी झाड न लावलेला इंदुरी माणूस शोधून दाखवा, मी पोहे-जलेबी देते. लावतानाचे फोटो माझ्या फोनमध्ये मावेनात. पाणी घालतानाचा मला अजून कुणी पाठवलेला नाही.

कचरा नाही, झाडं लावून झाली, मग उरतं कोण? म्हातारी माणसं. आणि इथे मात्र मी जरा चिडते. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या तारखा साधारण १ नोव्हेंबर आणि १ जानेवारीच्या आसपास असतात, म्हणून आमच्या शहरात गरिबांचा आणि वृद्धांचा कळवळा ऑक्टोबरात दाटून येतो आणि संक्रांतीपर्यंत ओसरतो. एका वृद्धाश्रमात माझ्या आईची मैत्रीण राहते, मी महिन्यातून एखादी चक्कर टाकते. आजी आता तरबेज झाल्यात. फाटकात मुलांची बस वाजली की कवळी बसवतात, चांगलं लुगडं नेसतात आणि विचारतात, "आधी फोटो का आधी केळी?" सगळे केळीच आणतात. सकाळी शाळा आली, केळी. दुपारी क्लब आला, केळी. संध्याकाळी कॉलेज, केळी. खोलीत चौघी, त्यातल्या तिघींना मधुमेह. गेल्या मे महिन्यात तिथला कूलर बंद पडला होता तेव्हा मात्र बस वाजली नाही. मेमध्ये अर्जाची तारीख नसते ना.

तिथेच एक गोष्ट बघितली. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत असल्याचा. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आजींना कोण करून देणार? म्हणजे बघा, एकाच खोलीत दोघींना प्रमाणपत्र हवं होतं, पोरीला सेवेचं आणि आजीला जिवंत असल्याचं. एका मुलीला हे कळलं. तिने बॅनरची काठी भिंतीला टेकवली, आजीचा आधार नंबर विचारला, खिडकीपाशी उजेडात नेऊन चेहरा धरला. "डोळे मिचकावा आजी. आता हसू नका. आता परत मिचकावा." दहा मिनिटांत काम झालं. आजी म्हणाल्या, "या वर्षी मेले नाही म्हणायची." ग्रुपच्या फोटोत ती मुलगी नाहीच. आता सांगा, त्या दहा मिनिटांचे तास किती लावायचे?

आणि थांबा, अमेरिकेलाही हे सुचलंय बरं. २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने एक अहवाल काढला. त्यात म्हटलं की घाऊक सेवा आणि लांब लांब देशांतल्या सेवासहली बघून भुलू नका, मूल टिकून काय करतं ते बघा, आणि घरच्या धाकट्यांना सांभाळणं, घरासाठी कमावणं हेही धरा. त्या कॉमन ॲपच्या यादीत आता 'घरच्या जबाबदाऱ्या' हाही उद्योग लिहिता येतो. हे कळल्यावर आमच्या इमारतीत जो हलकल्लोळ झाला! "म्हणजे आजीच्या डोळ्यांत ड्रॉप घातले तर चालतं?" चालतं. "धाकट्याला शाळेत सोडलं तर?" चालतं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या. "मी तुझ्या आजेसासूचं नऊ वर्षं केलं, अंथरुणाला खिळलेली होती. आठवड्याला किती तास लिहू? आणि सही कुणाची घेऊ, ती तर गेली." सासऱ्यांनी पेन्सिल शोधायला घेतली, पण त्यांनाही बेरीज जमेना.

शेवटची बातमी सर्वात धक्कादायक आहे, जपून ऐका. वरच्या मजल्यावरच्या मुलाने एका वस्तीत आठवी-नववीच्या पोरांना गणित शिकवायला सुरुवात केली होती, तासांसाठीच. त्याच्या आईने मला स्वतः सांगितलं होतं, शंभर भरले की बंद. शंभर भरले. अर्ज गेला. प्रवेशही झाला, पुण्याला, म्हणजे तासांचा काही उपयोगसुद्धा झाला नाही. तरी पोरगा दर रविवारी जातो! फोटो नाही, सही नाही, सर्टिफिकेट नाही. आई हवालदिल. "विचारलं तर म्हणतो, त्यांचे अपूर्णांक राहिलेत." कॉलेज सुरू होईपर्यंत जाणार म्हणे. शेजारीपाजारी कुजबुजतात, काहीतरी भानगड असणार. मला तर वाटतं, नसावी.

तेव्हा इंदूरच्या समस्त आयांनो, कचऱ्यासाठी महूला फोन करू नका, मी पत्ता देते. गोगा नवमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पंचांगात श्रावण वद्य दशमीला, शहरातले सफाई मित्र सणाच्या सुट्टीवर असतात आणि महापौर, नगरसेवक, नागरिक झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात. त्या दिवशी कचरा खरा असतो, डिकीतून आणावा लागत नाही. पोरांना पहाटे उठवा आणि पाठवा. झाडू आपापला आणा. केळी आणू नका.